ज्येष्ठ आणि कॉलेजची मुलं एकत्र टिकवायची कशी? आधी काम शोधा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने जवळच्या कॉलेजच्या एनएसएसबरोबर (राष्ट्रीय सेवा योजना) दोन पिढ्यांना एकत्र आणायचा उपक्रम सुरू केला, पहिल्या दिवशी ४० मुलं आली, अंताक्षरी झाली, फोटो झाले, दुसऱ्या वेळी १५ आली, तिसऱ्या वेळी ४, आणि आता संघातले काका म्हणतायत की आजकालच्या पोरांना म्हाताऱ्यांची पडलेलीच नाही, बंद करून टाका. तुम्हाला बंद करायचं नाहीये पण पुढे काय करावं ते सुचत नाहीये.

बंद करू नका. मी १६ वर्षं हेच काम करतोय, जास्त करून सातारा जिल्ह्यात आणि मधली काही वर्षं पुण्यात, आणि हे ४०, १५, ४ मी इतक्या वेळा बघितलंय की नुसता आकडा ऐकला तरी हॉलमध्ये काय झालं असेल ते डोळ्यासमोर येतं. मुलांना काळजी नाही असं अजिबात नाहीये. त्यांना तिथे काही कामच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तुमच्या ज्येष्ठांनाही नव्हतं, ते खुर्च्यांवर बसून होते आणि मुलं त्यांचं मनोरंजन करत होती. एकदा हे छान वाटतं, दुसऱ्यांदा अवघडल्यासारखं होतं, तिसऱ्यांदा दोन्हीकडची माणसं मनातल्या मनात घड्याळ बघतात.

आपल्याकडे यंत्रणा नाही असंही नाही. फेस्कॉम म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ १९८० पासून आहे, लहान लहान गावांतसुद्धा संघ आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत. एनएसएस तर १९६९ ची, त्यात मुलाला वर्षाला १२० तास असे दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, शिवाय सात दिवसांचं शिबिर वेगळं. म्हणजे एका बाजूला वेळ असलेली माणसं आणि दुसऱ्या बाजूला तास भरायचे असलेली मुलं, कित्येक ठिकाणी एकाच रस्त्यावर, आणि भेटतात कधी तर १ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाला, शाल, श्रीफळ आणि अल्पोपहार. मला याचं दरवर्षी वाईट वाटतं.

माझं एकच म्हणणं आहे आणि बाकी सगळं त्यातूनच निघतं. असं काम शोधा जे एकट्या म्हाताऱ्याला जमत नाही आणि एकट्या पोरालाही जमत नाही. दोघं बसली तरच होतं. असं काम सापडलं की माणसं टिकवावी लागत नाहीत, ती टिकतात.

मला हे कळलं ते मोडीमुळे, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेले असतात तिच्यामुळे. आमच्या संघात तेव्हा ८१ वर्षांचे एक आजोबा यायचे, शाळेत मोडी शिकलेले, पुढे नोकरीही जमिनीच्या कागदपत्रांत गेलेली. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. बारीक अक्षर त्यांना दिसायचंच नाही. आणि इतिहास घेऊन बीए करणारी एक मुलगी होती, तिच्या घरी पणजोबांच्या वेळचा एक पत्र्याचा डबा होता कागदांनी भरलेला, ते घरात कोणालाच वाचता येत नव्हते. ती मुळात आली होती तासांसाठीच. तिने सहज एक कागद दाखवला, आजोबांनी तो उजेडाकडे धरला, लांब केला, जवळ घेतला, आणि परत दिला, दिसत नाही म्हणाले. मग तिने मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा केला. आजोबा एकदम पुढे सरकले. म्हणाले, थांब, सरकवू नकोस, हे "बिन" आहे, म्हणजे अमक्याचा मुलगा, आता मागचं दाखव, नाव मागे असेल.

पुढे जवळजवळ दीड वर्ष ते दोघं दर मंगळवारी बसत होते. तिने फोटो मोठा करायचा, त्यांनी वाचायचं, तिने देवनागरीत टाईप करायचं. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा मारून घेतात आणि मग अक्षरं खाली लटकवत, बोरू शक्यतो न उचलता लिहीत जातात, त्यामुळे शब्द कुठे संपला तेच नवख्याला कळत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर पाळलेलंच नसतं. आजोबा तिला सांगायचे, अक्षर ओळखायला जाऊ नकोस, आधी कागद कसला आहे ते ओळख, खरेदीखत आहे का गहाणखत आहे ते कळलं की निम्मे शब्द आपोआप कळतात. हे कुठल्या क्लासमध्ये शिकवतील की नाही मला माहीत नाही, ते ४० वर्षं कागद हाताळलेल्या माणसाकडेच असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती स्वतः अडखळत वाचायला लागली आणि आजोबा फक्त चुका काढायला लागले. चुका काढताना ते किती खूश असायचे! तुम्हाला सांगतो ताई, त्या माणसाला त्या आधीच्या दहा वर्षांत कोणी काही विचारलंच नव्हतं, फक्त जेवलात का आणि गोळी घेतली का.

आता मोडी वाचणारे असे ज्येष्ठ फार थोडे उरलेत, शाळेत मोडी शिकलेली शेवटची पिढी आता नव्वदीकडे आहे. आणि नेमकी आत्ता गरज आहे, २०२३ मध्ये जुन्या मोडी कागदांतून कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा मोडी वाचकांसाठी कशी धावाधाव झाली ते सगळ्यांनी बघितलंय. तुमच्या संघात असं कोणी असेल तर तिथूनच सुरुवात करा, उद्याच करा. नसेल तर दुसरं काही निघेल. एका गावात शिलाई मशीनवर निघालं, आज्यांना जुनं पायाचं मशीन पूर्ण माहीत, पण सुईत दोरा ओवता येत नाही, मुलींना दोरा ओवता येतो पण कापड कसं धरायचं ते नाही. एका ठिकाणी गल्लीच्या जुन्या विहिरींवर निघालं, कुठली बुजवली आणि कधी, हे म्हाताऱ्यांच्या डोक्यात, आणि मुलांनी पायी फिरून नकाशावर टाकलं. काम छोटं असलं तरी चालतं, खरं पाहिजे. मुलांना खोटं काम लगेच कळतं, म्हाताऱ्यांना त्याहून लवकर कळतं.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते मोबाईल शिकवणं. ते चांगलंच आहे, मीही करतो, पण त्यात एक गोष्ट पहिल्या मिनिटापासून सांभाळावी लागते नाहीतर सगळा वर्ग वाया जातो. फोन आजोबांच्याच हातात राहिला पाहिजे. मुलगा काय करतो, "द्या आजोबा" म्हणतो, फोन घेतो, टकटकटक पाच सेकंदात करून देतो, "झालं बघा". आजोबा "वा वा" म्हणतात आणि काहीही शिकत नाहीत, वर त्यांना पुन्हा एकदा कळतं की आपल्याला जमत नाही. आमच्याकडे आता नियम आहे, शिकवणाऱ्या मुलाने दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. फक्त तोंडाने सांगायचं. पहिल्या दिवशी मुलं अक्षरशः तळमळतात, हात आपोआप पुढे येतो, पण त्यांच्या लक्षात येतं की "ते वरचं तीन ठिपक्यांचं" हे सांगणंसुद्धा सोपं नाही, आणि मग ती सावकाश बोलायला लागतात, शब्द शोधायला लागतात. मला विचाराल तर त्या वर्गात जास्त शिकतो तो मुलगाच.

आणि मोबाईल म्हणून मोबाईल शिकवू नका, अडलेलं काम घ्या. सगळ्यात चांगलं म्हणजे हयातीचा दाखला. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरला द्यावा लागतो, ८० च्या पुढच्या केंद्राच्या पेन्शनरांना ऑक्टोबरपासून देता येतो, आणि बऱ्याच आजी-आजोबांचे बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीनवर उमटतच नाहीत, मग बँकेत तीन तीन चकरा. आता जीवन प्रमाणवर चेहरा दाखवून घरच्या घरी होतो, त्यासाठी जीवन प्रमाणचं अ‍ॅप आणि आधारचं फेस आरडी अ‍ॅप अशी दोन टाकावी लागतात. उजेड समोरून पाहिजे, मागे खिडकी नको, चष्मा काढायचा आणि सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायची. पेन्शनचा पीपीओ नंबर आणि बँक खात्याचा नंबर कागदावर लिहून आणायला आठवडाभर आधी सांगा, नाहीतर अर्धा दिवस पासबुक शोधण्यात जातो. ऑक्टोबरमध्ये मुलांना एकदा सराव द्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत लावा. ज्या आजींचा दाखला होतो त्या दुसऱ्या चार जणींना घेऊन येतात, तुम्हाला जाहिरात करावी लागत नाही.

पैशाचं मात्र पक्कं ठरवा. पिन, ओटीपी, पासवर्ड मुलांनी बघायचा नाही, विचारायचा नाही, आजी स्वतः सांगायला लागल्या तरी "मला नका सांगू" म्हणायचं आणि तोंड फिरवायचं. यूपीआय शिकवायचं तर १ रुपया एकमेकांना पाठवून शिकवा. फसवणूक झाली तर १९३० ला लगेच फोन करायचा हे सगळ्यांच्या पाठ करून घ्या, आणि ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ आहे ती पण. मी हे कडक सांगतोय कारण एकदा आमच्याकडे एका आजोबांच्या खात्यातून पैसे गेले आणि घरच्यांनी पहिला संशय मुलावर घेतला. मुलाचा काही संबंध नव्हता, नंतर ते सिद्धही झालं, पण तो मुलगा परत आला नाही. त्याला मी तोंड दाखवू शकलो नाही असं मला अजून वाटतं, कारण नियम आधी सांगायचं काम माझं होतं.

आता एक अवघड गोष्ट, जी कुठल्याही अहवालात लिहिलेली नसते. आपल्याकडे म्हातारं माणूस नवीन मुलाला पहिला प्रश्न काय विचारतं? नाव सांगितलं की, "आडनाव काय?" आणि ते सांगितलं की, "कुठले तुम्ही?" विचारणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा वाईट काही नसतं, ओळख काढायची त्यांची तीच पद्धत आहे. पण त्या प्रश्नाला समोरच्या मुलाच्या पोटात काय होतं ते मी बघितलंय. एक हुशार मुलगा, बोलका, त्या एका प्रश्नानंतर उरलेला तासभर गप्प बसून राहिला आणि पुढच्या वेळी आला नाही. म्हणून मुलं यायच्या आधी ज्येष्ठांची वेगळी बैठक घेतो आणि स्पष्ट सांगतो, आडनाव विचारायचं नाही, काय शिकतोस विचारा, कशावरून आलास विचारा, डबा आणलास का विचारा. सुरुवातीला काही जण रागावतात, एकाने तर मला ऐकवलं होतं की आता आम्ही बोलायचं पण तुला विचारून का. मी हो म्हणालो, या एका बाबतीत हो. यात मी अजिबात मागे हटत नाही आणि तुम्हीही हटू नका. मुलांच्या छातीवर फक्त पहिल्या नावाची चिठ्ठी लावा, आणि ज्येष्ठांच्याही लावा.

मुलांचीही वेगळी बैठक लागते. त्यांना मी तीन-चारच गोष्टी सांगतो. मोठ्याने नाही, सावकाश आणि समोर बसून बोला, कारण कमी ऐकू येणारा माणूस तुमचे ओठ बघत असतो. एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली गेली तर "हो सांगितलंत मघाशी" असं म्हणू नका, त्या गोष्टीतलं एखादं काही विचारा, मग ती पुढे जाते. आणि "क्यूट" म्हणू नका. आज्या काही बाहुल्या नाहीत.

वेळेवर बरंच अवलंबून असतं. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याची आजीबाईंची शाळा ऐकली असेल, ८ मार्च २०१६ ला योगेंद्र बांगर गुरुजींनी सुरू केलेली, गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन जाणाऱ्या आज्या. सगळ्यांना तो गुलाबी रंगच लक्षात राहतो, मला त्यातलं आवडतं ते हे की शाळा दुपारी भरायची, घरातलं आणि शेतातलं काम आवरल्यावर. शिकवायला गावातलीच एक तरुण सून. आणि घरी अभ्यास घ्यायला नातवंडं. म्हणजे बाहेरून कोणी यायची वाटच बघायची नाही, रोजच्या दिवसात जी फट होती ती पकडली. तुमच्याकडे संध्याकाळी ५ ला ठेवलंय असं लिहिलंत, तर ५ ला मुलांची एसटी असते आणि ज्येष्ठांची फिरायला जायची वेळ. कॉलेज सुटतं त्यानंतर अर्ध्या तासात ठेवा, आणि आठवड्याचा वार एकदा ठरला की तो बदलू नका, पाऊस असो नाहीतर तिघंच येवोत. जागा तळमजल्यावर, जवळ संडास, आणि हाताच्या खुर्च्या, कारण हात नसलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठता येत नाही आणि मग ते यायचंच टाळतात, कारण मात्र दुसरंच सांगतात. चहा मधे ठेवा, शेवटी नको, शेवटी ठेवला की चहा घेऊन सगळे पांगतात.

जोड्या लावायच्या का? मी तीन जणांचे गट करतो, दोन मुलं आणि एक ज्येष्ठ, नाहीतर उलट. एकास एक जोडी असली आणि मुलगा आजारी पडला की ते आजोबा दाराकडे बघत बसतात. ते बघवत नाही. ज्येष्ठांना शाळेत पाठवायचं असेल, लहान मुलांना वाचायला मदत करायला, तर तिथेही एकट्याला पाठवू नका. अमेरिकेत बाल्टिमोरला एक्स्पिरियन्स कोअर म्हणून मोठा उपक्रम झाला, साठीच्या पुढची माणसं प्राथमिक शाळेत आठवड्याला १५ तास काम करायची, आणि एका शाळेत त्यांचा पूर्ण गटच असायचा, आधी प्रशिक्षण, मग थोडं मानधन. १५ तास ऐकून लोक घाबरतात, पण मला ते पटतं, महिन्यातून एकदा जाणाऱ्या माणसाला शाळा पाहुणा समजते, रोज दिसणाऱ्याला काम सांगते. नेदरलँड्समध्ये देव्हेंतरच्या वृद्धाश्रमात कॉलेजची मुलं भाडं न देता राहतात आणि बदल्यात महिन्याला ३० तास चांगल्या शेजाऱ्यासारखं वागतात. आपल्याकडे पुण्यासारख्या ठिकाणी मुलांना खोल्या मिळत नाहीत आणि थ्री बीएचकेमध्ये एकट्या आजी राहतात, तेव्हा हे कधीतरी व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, पण ते करार, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीची परवानगी असं मोठं काम आहे, तुम्ही आत्ता त्यात पडू नका.

घरी जाऊन भेटायचं असेल तर नेहमी दोघांनी, त्यात मुलगी असेल तर तिच्याबरोबर मुलगीच, आणि संघातल्या एकाला आधी कळवून. मुलांच्या आईवडिलांना एकदा बोलवा, चहा द्या, जागा दाखवा. त्यांनी एकदा बघितलं की निम्मी काळजी संपते.

परीक्षांचं कॅलेंडर पहिल्या दिवशी भिंतीवर लावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे मुलं येणार नाहीत हे ज्येष्ठांना आधी माहीत असलं तर ते वाट बघतात, माहीत नसलं तर त्यांना सोडून गेल्यासारखं वाटतं. हयातीच्या दाखल्याचा नोव्हेंबर त्यातच येतो, म्हणून कॉलेजच्या एनएसएस प्रोग्रॅम ऑफिसरशी आधीच बोलून ज्यांचे पेपर लवकर संपतात अशी ५-६ मुलं ठरवून ठेवा. तृतीय वर्षाची मुलं गेली की ओळख तुटते, तेव्हा दर गटात एक प्रथम वर्षाचं मूल पाहिजेच, म्हणजे कोणीतरी दुसऱ्या वर्षीही तोंडओळखीचं राहतं.

आणि हे पण सांगतो, कारण तुमच्यावर ही वेळ येईलच. मी सांगितले ते मोडीवाले आजोबा एका जानेवारीत गेले. मला सकाळी कळलं आणि मी दुपारी ग्रुपवर टाकलं, फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, नेहमीसारखं. त्या मुलीने ते बसमध्ये वाचलं. ती मला नंतर म्हणाली, सर, मला फोन करायला हवा होतात. तिचं बरोबर होतं. तेव्हापासून असं काही झालं की गटातल्या मुलांना मी स्वतः फोन करतो, एकेकाला, आणि दहाव्याला यायचं असेल तर बरोबर घेऊन जातो, कारण १९-२० वर्षांच्या बऱ्याच मुलांनी घराबाहेरचं मरण जवळून बघितलेलं नसतं, तिथे जाऊन काय बोलायचं हे त्यांना कळत नाही. ती मुलगी आली होती. तिने तोवर झालेले सगळे कागद प्रिंट करून, स्पायरल बाइंडिंग करून आजोबांच्या सुनेला दिले. सुनेने पहिलं पान उघडलं आणि विचारलं, हे आमच्या अप्पांनी वाचलं? त्यांना दिसायचं नाही ना? मग ती मुलगी शेजारी बसून, फोन काढून, फोटो कसा मोठा करायचो ते दाखवत बसली.

तर तुम्ही आता असं करा. ४० मुलं बोलवू नका. उरलेली जी ४ आहेत, जी तिसऱ्या वेळीही आली, तीच तुमची. संघातल्या सहा जणांशी प्रत्येकी अर्धा तास एकट्याने बोला आणि एवढंच विचारा की तुम्हाला काय येतं आणि सध्या काय अडलंय. दोन्ही उत्तरं वहीत लिहा. त्या ४ मुलांनाही हेच दोन प्रश्न विचारा. मग दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा कोणाचं अडलेलं कोणाच्या येण्यात बसतंय, एक तरी जोड निघतेच. बॅनर छापू नका, पहिले सहा आठवडे फोटोही काढू नका. आणि जे काका बंद करा म्हणतायत ना, त्यांच्याशी सगळ्यात आधी बोला. ते चिडलेत कारण त्यांनी त्या पोरांची वाट बघितली होती.